बी-२ची चढण : कामाची जर्मन कशी घडते

पुण्यातल्या जर्मनच्या वर्गांत एक कोडे नेहमीचे आहे. बी-१ची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी नोकरीला लागतो, स्टुटगार्टच्या सहकाऱ्यांबरोबर पहिल्या ऑनलाइन बैठकीला बसतो आणि गप्प होतो. नाव, गाव, शिक्षण, छंद, हवामान यांवर त्याला बऱ्यापैकी बोलता येते. पण समोरून प्रश्न येतो : मालाला तीन आठवडे उशीर का झाला, यावर तुमचा प्रस्ताव काय, आणि वाढीव खर्च कोणी सोसायचा? प्रश्नातला जवळजवळ प्रत्येक शब्द त्याने कुठे ना कुठे वाचलेला असतो, तरी उत्तराचे वाक्य तयार होत नाही.

अशा वेळी दोष बहुधा स्मरणशक्तीला दिला जातो. आणखी शब्द पाठ करा, आणखी व्याकरण सोडवा, असा सल्ला मिळतो. त्याने थोडा फरक पडतो, फार नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी असते. बी-२ या पातळीवर जर्मन वाक्याची बांधणीच बदलते, आणि ती बांधणी समजून घेण्याची एक चांगली किल्ली मराठी माणसाकडे आधीपासून असते. तो ती वापरत नाही, कारण तो जर्मन शिकतो इंग्रजीच्या वाटेने.

पायऱ्या सहा, पण उंची वेगवेगळी

ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ ही उतरंड युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका आराखड्यातून आली. कोणतीही भाषा शिकणाऱ्याला त्या भाषेत नेमके काय करता येते, हे सांगण्याची ती एकसारखी पद्धत आहे. ‘ए’ म्हणजे प्राथमिक, ‘बी’ म्हणजे स्वतंत्रपणे वावरणारा आणि ‘सी’ म्हणजे भाषेवर प्रभुत्व असलेला वापरकर्ता.

बी-१चा माणूस ओळखीच्या विषयांवर बोलू शकतो : घर, काम, प्रवास, आवडीनिवडी. बी-२च्या वर्णनात तीन नव्या अपेक्षा येतात. गुंतागुंतीच्या मजकुराचा गाभा कळला पाहिजे, मग विषय मूर्त असो की अमूर्त. स्वतःच्या क्षेत्रातली तांत्रिक चर्चा समजली पाहिजे. आणि एखाद्या प्रश्नावर फायदे-तोटे मांडत स्वतःची भूमिका घेता आली पाहिजे, तीही समोरच्याला ताण न देता.

यातली शेवटची अट सर्वांत जड आहे. बी-१ला ऐकणारा मदत करतो. तो हळू बोलतो, अर्धे वाक्य स्वतःच पूर्ण करतो. बैठकीत मात्र त्याचे लक्ष वेळापत्रकावर आणि खर्चावर असते. तिथे भाषेचा सगळा भार बोलणाऱ्याने स्वतः उचलायचा असतो.

वेळही त्या मानाने लागतो. भारतात मॅक्स म्युलर भवन या नावाने चालणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून बी-२पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्याला सहा तासिका धरल्या आणि वर्षाचे पन्नास आठवडे खंड न पाडता अभ्यास केला, तरी दोन ते पावणेतीन वर्षे होतात. सहा महिन्यांत बी-२ची हमी देणाऱ्या जाहिराती वाचताना हे गणित हाताशी ठेवावे. रोज पाच-सहा तासिकांचा सघन वर्ग असेल तर ते शक्य कोटीतले आहे, शनिवार-रविवारच्या वर्गात नाही.

शब्दसूची जिथे संपते

गोएथे-इन्स्टिट्यूट ए-१, ए-२ आणि बी-१ या परीक्षांसाठी अधिकृत शब्दसूची देते. बी-१च्या सूचीत सुमारे २४०० नोंदी आहेत. बी-२साठी अशी सूची नाही. अनेक विद्यार्थ्यांना ही उणीव वाटते, पण त्यामागे कारण आहे. या पातळीपासून शब्द साठवण्यापेक्षा ते घडवता आणि उलगडता येणे महत्त्वाचे ठरते.

उदाहरणार्थ, ‘लीफर्न’ म्हणजे पुरवणे. त्यावरून पुरवठ्याची तारीख होते ‘लीफर-टर्मीन’, मालासोबतची पावती ‘लीफर-शाइन’, पुरवठा साखळी ‘लीफर-केटे’ आणि पुरवठ्यातली दिरंगाई ‘लीफर-फरत्सूग’. शब्द जोडून लांबलचक शब्द करण्याची ही खोड परदेशी माणसाला घाबरवते. मराठी विद्यार्थ्याने मात्र शाळेत समास सोडवलेले असतात. पाणीपुरवठा, वेळापत्रक, कर्जवसुली हे शब्द तो रोज वापरतो. जर्मन समासात शेवटचे पद मुख्य असते आणि अख्ख्या शब्दाचे लिंग तेच ठरवते, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की दहा-पंधरा अक्षरांचा शब्दही मागून पुढे उलगडत जातो.

उपसर्गांचेही तेच. ‘श्टेलेन’ म्हणजे उभे ठेवणे. त्याला उपसर्ग लागले की ‘बेश्टेलेन’ म्हणजे मागणी नोंदवणे, ‘हेअरश्टेलेन’ म्हणजे उत्पादन करणे, ‘फेस्टश्टेलेन’ म्हणजे निश्चितपणे आढळणे, ‘आइनश्टेलेन’ म्हणजे नोकरीवर घेणे किंवा यंत्र जुळवून लावणे. आहार, विहार, प्रहार, संहार हा धडा ज्याने गिरवला आहे, त्याला ही कल्पना नवी नाही.

खरी मेहनत लागते ती क्रियापदांच्या जोड्यांना. जर्मनमध्ये ‘वार्टेन’ म्हणजे वाट पाहणे, पण कशाची वाट पाहायची ते ‘आउफ’ या शब्दयोगी अव्ययाने सांगायचे. ‘आबहेंगेन’ म्हणजे अवलंबून असणे, त्याच्यासोबत ‘फोन’. नोकरीसाठी अर्ज करणे या अर्थाच्या ‘झिश बेवेर्बेन’सोबत ‘उम’. ही जोडी कोणत्याही तर्काने ठरत नाही, ती रूढ झालेली असते. त्यामुळे नुसते क्रियापद पाठ करणे म्हणजे चपलेचा एकच पाय विकत घेणे आहे. वहीत क्रियापद, त्याचे अव्यय, त्यापुढची विभक्ती आणि स्वतःच्या कामातले एक वाक्य अशी चारही अंगे एकत्र लिहावी लागतात.

कार्यालयीन जर्मनमध्ये याच जातीचे, पण नाम आणि क्रियापद मिळून बनलेले शेकडो प्रयोग असतात. निर्णय घेणे म्हणजे ‘आइने एन्टशाइडुंग ट्रेफेन’, उपलब्ध करून देणे म्हणजे ‘त्सुअर फरफ्यूगुंग श्टेलेन’, यंत्र कार्यान्वित करणे म्हणजे ‘इन बेट्रीब नेमेन’. मराठीतही दखल घेणे, अमलात आणणे, विचारात घेणे यांशिवाय कचेरीचे पान हलत नाही. असे प्रयोग एकेक शब्द सुटा करून न शिकता अखंड शिकायचे असतात, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

क्रियापद शेवटी येते तेव्हा

आता जर्मन वाक्याच्या मुख्य यंत्रणेकडे वळू. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी येते. पण क्रियापदाचे दोन तुकडे असतील, तर पहिला तुकडा दुसऱ्या जागी आणि दुसरा अगदी शेवटी जातो. जर्मन व्याकरणात याला ‘झात्सक्लामर’, म्हणजे वाक्याचा कंस म्हणतात.

समजा, एखाद्या कंपनीने पत्रात लिहिले, ‘वीअर हाबेन दी लीफरुंग वेगेन देस श्ट्राइक्स इम हाफेन नोख निख्ट एरहाल्टेन.’ शब्दांचा क्रम असा लागतो : आम्ही – साहाय्यक क्रियापद – माल – संपामुळे – बंदरातल्या – अजून – नाही – मिळालेला. साहाय्यक क्रियापद पुढे आले, मुख्य क्रियापद शेवटी गेले, आणि मधल्या जागेत कारण, स्थळ, वेळ, नकार असे सगळे बसले. कामाच्या पत्रव्यवहारात ही मधली जागा लांबत जाते. ऐकणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत सगळे तपशील लक्षात धरून ठेवावे लागतात.

उपसर्ग सुटा होणाऱ्या क्रियापदांत तर अर्थच शेवटी उघडतो. ‘देअर कुंडे निम्ट दास आंगेबोट’ एवढे ऐकल्यावर ग्राहक प्रस्तावाचे काहीतरी करतो आहे, इतकेच कळते. मग प्रस्ताव कधी पाठवला होता, त्यात काय होते हे येते, आणि शेवटी ‘आन’ आले म्हणजे ग्राहकाने तो स्वीकारला. त्या ‘आन’च्या आधी ‘निख्ट’ आले, तर स्वीकारलेला नाही. बैठकीत शेवटचे दोन शब्द ऐकू आले नाहीत, तर करार झाला की फिसकटला हेच कळत नाही. 

इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून लवकर येते. मराठीत मात्र क्रियापद शेवटीच असते. ‘बंदरातल्या संपामुळे माल अजून आमच्या हाती आलेला नाही’ या वाक्यात नकारासाठी आपणही शेवटपर्यंत थांबतो आणि त्याचा ताण येत नाही. जर्मन गौण वाक्यात, म्हणजे ‘कारण’, ‘की’, ‘जर’ यांनी सुरू होणाऱ्या भागात, क्रियापद पूर्णपणे शेवटी जाते. तिथे तर मराठीशी साम्य आणखी वाढते.

याच वळणाचा आणखी एक प्रयोग बी-२च्या मजकुरांत सतत भेटतो. ‘दी इम मेर्त्स गेलीफर्टेन माशीनेन’ म्हणजे ‘मार्चमध्ये पुरवलेली यंत्रे’. विशेषणाचा अख्खा गुच्छ नामाच्या आधी येतो. इंग्रजीतून शिकताना हा प्रयोग मोडून, ‘जी यंत्रे मार्चमध्ये पुरवली गेली’ असा फिरवून समजावला जातो. मराठीत तो जसाच्या तसा उतरतो : पुरवलेली यंत्रे, तपासलेले सुटे भाग, काल सही केलेला करार. ही धातुसाधित विशेषणे मराठी माणूस लहानपणापासून वापरतो. नामाप्रमाणे विशेषणाचे रूप बदलायचे असते, हेही त्याला ठाऊक असते.

लिंगांची गोष्ट अशीच. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही तीन आहेत. कोणत्या वस्तूला कोणते लिंग हे दोन्ही भाषांत वेगळे निघते, त्यामुळे पाठांतर चुकत नाही. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि त्यावरून सगळे वाक्य वळते, ही सवय आपल्याला नव्याने लावून घ्यावी लागत नाही.

एकच कारण, तीन घाट

बी-२चा विद्यार्थी कुठे कमी पडतो, हे त्याच्या लेखनात चटकन दिसते. प्रत्येक कारण तो ‘वाइल’, म्हणजे ‘कारण की’ या एकाच शब्दाने सांगतो. व्याकरण बरोबर असते, पण मजकूर शाळकरी वाटतो.

जर्मनमध्ये कारण सांगण्याचे तीन घाट आहेत. पहिल्यात ‘वाइल’ने जोडलेले गौण वाक्य येते. दुसऱ्यात दोन स्वतंत्र वाक्ये असतात आणि दुसऱ्याची सुरुवात ‘देसहाल्ब’ने होते. तिसऱ्यात ‘वेगेन’ आणि पुढे नुसते नाम येते. मराठीत मांडायचे तर : ‘बंदरात संप होता म्हणून माल आला नाही’, ‘बंदरात संप होता, त्यामुळे माल आला नाही’ आणि ‘बंदरातल्या संपामुळे माल आला नाही’. ‘असे असूनही’ या विरोधाच्या अर्थासाठी ‘ओब्वोल’, ‘ट्रोत्सडेम’ आणि ‘ट्रोत्स’ हे असेच त्रिकूट आहे.

तिसऱ्या घाटाला खास महत्त्व आहे. त्यात क्रियेचे नाम होते. ‘आम्ही कागदपत्रे तपासली की कळवतो’ याऐवजी ‘कागदपत्रांच्या तपासणीनंतर कळवण्यात येईल’. जर्मन करार, चाचणी अहवाल, सुरक्षा सूचना आणि सरकारी पत्रे या नामप्रधान शैलीत लिहिलेली असतात. ती वाचता येणे बी-२ला आवश्यक आहे. लिहिताना मात्र तारतम्य लागते. सहकाऱ्याला पाठवायच्या चार ओळींत ही शैली वापरली, तर ती तितकीच अवघडलेली वाटते जितके घरच्या गप्पांत शासकीय परिपत्रक वाटेल. प्रसंग पाहून घाट निवडता येणे, हीच या पातळीची कसोटी आहे.

सरावाचा एक सोपा मार्ग आहे. स्वतःच्या कामातले एक वाक्य घ्यावे आणि ते तिन्ही घाटांत लिहावे. रोज एकच वाक्य पुरते. महिनाभरात तीस प्रसंगांची नव्वद वाक्ये हाताखालून जातात, आणि ती पाठ्यपुस्तकातली नसून आपल्या रोजच्या कामातली असतात.

नम्रता, मतभेद आणि ‘म्हणे’

कामाची भाषा म्हणजे बहुतांशी मागणे, नाकारणे, सुचवणे आणि तक्रार करणे. जर्मन माणसे परखड बोलतात, असे सर्रास सांगितले जाते. मतभेदाबाबत त्यात तथ्य आहे. बैठकीत ‘दास झेहे इश आंडर्स’, म्हणजे ‘माझे मत वेगळे आहे’, असे थेट म्हणणे तिथे अवमानकारक मानत नाहीत. विरोध मुद्द्याला असतो.

विनंती आणि तक्रार मात्र सौम्य केली जाते, आणि त्यासाठी व्याकरणात खास रूप आहे. त्याला ‘कोन्युंक्टिव्ह दोन’ म्हणतात. ‘ड्रॉइंग पाठवा’ याऐवजी ‘क्योन्टेन झी’ने सुरुवात केली की वाक्य ‘शुक्रवारपर्यंत ड्रॉइंग पाठवू शकाल का?’ असे होते. हेच रूप घडून न गेलेल्या गोष्टीसाठीही येते. ‘आम्हाला आधी कळवले असते, तर बरे झाले असते’ या मराठी वाक्यात जी ‘असते’ची जोडी आहे, तिचे काम जर्मनमध्ये ‘वेअरे’ आणि ‘हेटे’ ही रूपे करतात. कोणावर थेट ठपका न ठेवता नाराजी नोंदवायला दोन्ही भाषा एकच युक्ती वापरतात.

‘कोन्युंक्टिव्ह एक’चे काम आणखी बारीक आहे. दुसऱ्याचे म्हणणे सांगायचे, पण त्याची जबाबदारी स्वतःवर घ्यायची नाही, अशा वेळी ते येते. पुरवठादार सांगतो की माल सोमवारीच निघाला, पण बैठकीची नोंद लिहिणाऱ्याला त्याची खात्री नाही. मराठीत आपण ‘माल सोमवारीच पाठवलाय म्हणे’ असे म्हणतो. जर्मनमध्ये ‘हाट’च्या जागी ‘हाबे’ हे रूप लिहिले की तोच अर्थ निघतो. जर्मन बातम्यांत आणि इतिवृत्तांत हे रूप पदोपदी येते. ते ओळखता आले नाही, तर वाचणारा एखाद्याच्या दाव्यालाच वस्तुस्थिती समजून बसतो.

शिवाय आहेत ती छोटी अव्यये : ‘डोख’, ‘माल’, ‘या’, ‘हाल्ट’. शब्दकोशात त्यांचा नीट अर्थ सापडत नाही आणि इंग्रजीत त्यांना प्रतिशब्द नाहीत. मराठीत आहेत. ‘कोमेन झी डोख माल फोरबाय’ म्हणजे ‘या ना एकदा!’ हा ‘ना’ काढला तर आमंत्रणाचा हुकूम होतो. ‘ना’, ‘की’, ‘बरं का’, ‘च’ यांच्यावर ज्याचे बोलणे चालते, त्याने ही जर्मन अव्यये मराठी कानाने ऐकावीत.

संबोधनातही आपण घरच्यासारखे आहोत. ‘झी’ आणि ‘डू’ यांतला फरक ‘तुम्ही’ आणि ‘तू’ जाणणाऱ्याला शिकवावा लागत नाही. एक काळजी घ्यावी : ‘डू’वर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीकडून यायचा, ही रीत अजून पाळली जाते. कंपनीत सगळेच ‘डू’ म्हणत असतील, तर तसे सहसा पहिल्याच दिवशी सांगितले जाते.

आकड्यांचे सापळे

बी-२ उत्तीर्ण झालेले लोकही दूरध्वनीवर आकडे ऐकताना चुकतात. जर्मनमध्ये पंचेचाळीसला ‘पाच-आणि-चाळीस’ म्हणतात, म्हणजे एकक आधी आणि दशक नंतर. मराठी पंचेचाळीसही तसाच घडलेला आहे. जो इंग्रजी अंकांवरून उलटसुलट करत बसतो तो मागे पडतो. मराठी अंकांचा आधार घेणारा लवकर सरावतो.

लेखनात दुसरा सापळा आहे. जर्मनीत हजाराच्या जागी पूर्णविराम आणि दशांशासाठी स्वल्पविराम देतात. १.२५० युरो म्हणजे बाराशे पन्नास युरो, आणि १,२५० किलो म्हणजे सव्वा किलो. तिसरा सापळा वेळेचा : ‘हाल्ब फिअर’ ऐकून साडेचारला हजर होणारा एक तास उशिरा पोहोचतो, कारण त्याचा अर्थ साडेतीन असा आहे.

परीक्षेत काय पाहतात

गोएथे-इन्स्टिट्यूटच्या बी-२ परीक्षेचे चार विभाग आहेत : वाचन ६५ मिनिटे, श्रवण सुमारे ४० मिनिटे, लेखन ७५ मिनिटे आणि संभाषण सुमारे १५ मिनिटे. प्रत्येक विभागात १००पैकी ६० गुण लागतात. विभाग स्वतंत्रपणे देता येतात, त्यामुळे एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो.

लेखनात एका सामाजिक प्रश्नावर किमान दीडशे शब्दांत मत मांडायचे असते आणि कामाच्या ठिकाणच्या एखाद्या प्रसंगावर सुमारे शंभर शब्दांचा औपचारिक संदेश लिहायचा असतो. संभाषणात एक छोटे भाषण असते आणि नंतर दुसऱ्या परीक्षार्थीबरोबर चर्चा. म्हणजे परीक्षा नेमके तेच मागते जे सुरुवातीच्या पातळ्यांवर फारसे लागत नाही : भूमिका घेणे, ती टिकवणे, समोरच्याच्या मुद्द्याला धरून पुढे जाणे. चर्चेत स्वतःचे पाठ केलेले मुद्दे म्हणून दाखवणारा परीक्षार्थी तिथे गुण गमावतो.

‘टेल्क’ या संस्थेच्या बी-२ परीक्षांमध्ये व्यवसायासाठीची आणि परिचर्येसाठीची अशा स्वतंत्र आवृत्त्या आहेत. परीक्षा निवडण्याआधी आपल्याला ज्या देशात, ज्या व्यवसायात जायचे आहे तिथे कोणते प्रमाणपत्र चालते, हे लेखी विचारून घ्यावे.

कुठे किती जर्मन लागते

जर्मनीत परिचारिकेच्या पात्रतेला मान्यता मिळवताना साधारणपणे बी-२ मागतात. डॉक्टरांना त्यापुढे सी-१ पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा द्यावी लागते. तिचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात : रुग्णाशी बोलणे, नोंद लिहिणे, आणि ती केस दुसऱ्या डॉक्टरला समजावणे. जर्मन माध्यमातून विद्यापीठीय पदवी घ्यायची असेल, तर बहुतेक ठिकाणी सी-१च्या जवळपासची तयारी लागते. कंपनी आणि शाळा दोन्हीकडे शिकवणाऱ्या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी साधारणपणे बी-१ चालते, पण तिथले वर्ग जर्मनमध्येच होत असल्याने बी-२ असलेल्याला पहिले वर्ष सुसह्य जाते.

अभियंते आणि संगणक क्षेत्रातल्या लोकांसाठी ‘ब्ल्यू कार्ड’ या कामाच्या परवान्याला जर्मनची अट नाही. १ जून २०२४पासून सुरू झालेल्या ‘चान्सेनकार्ट’ या नोकरीशोधाच्या परवान्यासाठीही किमान ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी पुरते. मात्र गुणांकनाने तो मिळवायचा असेल, तर लागणाऱ्या सहा गुणांपैकी ए-२ला एक, बी-१ला दोन आणि बी-२ला तीन गुण आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा केली. दार मोठे झाले आहे, पण आत गेल्यावर टिकायला भाषाच लागते.

याचे कारण जर्मन उद्योगाच्या रचनेत आहे. ट्रुम्प्फ डिट्सिंगेनला, फेस्टो एसलिंगेनला, केर्शर विनेंडेनला. जगभर यंत्रे विकणाऱ्या या कंपन्यांची मुख्यालये स्टुटगार्टच्या आसपासच्या लहान शहरांत आहेत, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कौटुंबिक उद्योग त्याहून लहान गावांत. निर्यातीच्या टेबलावर इंग्रजी असते. कारखान्यात, सुरक्षेच्या फलकांवर आणि कामगारांनी निवडलेल्या परिषदेच्या बैठकीत जर्मन असते, आणि जेवणाच्या सुट्टीत तर श्वाबियन बोली. पुस्तकी बी-२ घेऊन गेलेल्याला त्या बोलीची सवय व्हायला काही महिने द्यावे लागतात. झुरिकला गेलेल्याला स्विस जर्मनसाठी त्याहून जास्त.

महाराष्ट्रातही ही भाषा कामाची आहे. बजाज टेम्पो १९५८मध्ये जर्मन सहकार्याने सुरू झाली. मर्सिडीज-बेंझ १९९४मध्ये पुण्यात आली, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९चा, आणि नाशिकला बॉश आहे. डॉइचे बँक आणि आलियान्झ यांची मोठी केंद्रे पुण्यात आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी शहरे आहेत. अशा ठिकाणी बी-२ जाणणाऱ्याला एक वेगळे काम मिळते, ते मध्यस्थाचे. जर्मनीहून आलेली तक्रार वाचून ती चाकणच्या पाळीप्रमुखाला मराठीत सांगायची आणि त्याचे उत्तर जर्मनमध्ये नीट मांडायचे. युरोप परिषदेच्या आराखड्याला २०२०मध्ये जी पुरवणी जोडली, तिने या मध्यस्थीच्या कौशल्याला स्वतंत्र आणि सविस्तर स्थान दिले आहे.

चौकट : बी-१वरून बी-२कडे जाताना

• क्रियापद एकटे नको. अव्यय, विभक्ती आणि कामातले एक वाक्य सोबत लिहा.
• लांब शब्द शेवटून उलगडा. शेवटचे पद लिंग ठरवते.
• रोज एक कारण तीन घाटांत लिहा : ‘वाइल’, ‘देसहाल्ब’, ‘वेगेन’.
• ऐकताना वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांकडे लक्ष ठेवा.
• विनंती आणि तक्रारीला ‘कोन्युंक्टिव्ह दोन’ वापरा. बातम्या वाचताना ‘कोन्युंक्टिव्ह एक’ ओळखा.
• डॉइचे वेले या प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐका. त्या जमू लागल्या की रात्री आठच्या ‘टागेसशाऊ’ या बातमीपत्राच्या पंधरा मिनिटांकडे वळा.
• ऐकलेल्या बातमीवर दोन मिनिटे स्वतःचे मत मोठ्याने मांडा.

वर्गात मराठीला जागा हवी

पुण्यात जर्मन शिकवण्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग, मॅक्स म्युलर भवन, अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन देणारी कनिष्ठ महाविद्यालये यांनी हजारो विद्यार्थी घडवले. बी-२च्या वर्गात शक्य तितके जर्मनच बोलले जावे, हेही बरोबर आहे. पण एखादी रचना अडली आणि दुसऱ्या भाषेचा आधार घ्यावाच लागला, तर तो सवयीने इंग्रजीचा घेतला जातो, आणि तिथे नुकसान होते. शेवटी येणारे क्रियापद, नामाआधीचे धातुसाधित विशेषण, तीन लिंगे, ‘झाले असते’ची रूपे, ‘ना’ आणि ‘की’ यांतले बरेचसे इंग्रजीत तसे नाही. मराठीत आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे की फळ्यावर अवघड जर्मन वाक्याशेजारी त्याचे मराठी वाक्यही लिहावे. आणि जे एकट्याने अभ्यास करतात, त्यांनी वहीतला इंग्रजी अर्थाचा रकाना एका आठवड्यापुरता बंद करून तिथे मराठी लिहून पाहावे. क्रियापदाची जागा आणि विशेषणाचा क्रम यांत काय फरक पडतो, ते त्या आठवड्यातच दिसू लागेल.